लिटल रॉकचे मवाळ

‘मवाळ’ हा शब्द आपल्याकडे फारसा आदराने उच्चारला जात नाही. 1907 साली सुरतेस काँग्रेस दुभंगली, तेव्हापासून तो एका पक्षाचे नाव म्हणून रूढ झाला आणि पुढे पुढे तर भित्रेपणाला दिलेले सभ्य नाव एवढीच त्याची प्रतिष्ठा उरली. जहाल माणूस तुरुंगात जातो आणि मवाळ माणूस अर्ज लिहितो, असे सर्वसाधारण मत आहे. पण अर्ज लिहिणारा प्रत्येक माणूस भित्रा असतो काय? सत्तेवर बसलेल्या माणसाकडे जाऊन ‘जरा सबुरीने घ्या, लोकांना भडकवू नका’ असे सांगण्याला काही मोल आहे की नाही? आणि मोल असेल तर ते किती? हा प्रश्न केवळ आपल्या इतिहासाचा नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका शहरात 1957 ते 1959 या दोन वर्षांत तो इतक्या उघडपणे विचारला गेला आणि त्याला इतकी निरनिराळी उत्तरे मिळाली, की त्या शहराची हकीकत श्रोत्यांपुढे जरा सविस्तर मांडावी असे आम्ही योजले आहे.

ते शहर म्हणजे लिटल रॉक. आर्कान्सा नावाच्या राज्याची ही राजधानी, त्याच नावाच्या नदीच्या काठी वसलेली. त्या काळी तिची वस्ती एक लाखाच्या थोडी वर होती. दक्षिणेतील मिसिसिपी, अलाबामा ही राज्ये वर्णद्वेषासाठी कुप्रसिद्ध होती. त्या मानाने आर्कान्सा हे सौम्य राज्य समजले जाई. या राज्याच्या विद्यापीठाने 1948 सालीच आपल्या कायद्याच्या वर्गात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश दिला होता. म्हणून जे घडले ते इथे घडेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

कायदा आणि त्यातली पळवाट

वाचकांस पार्श्वभूमी थोडी सांगितली पाहिजे. अमेरिकेतील गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली. परंतु गुलामगिरी गेली तरी गुलामाचा विटाळ गेला नाही. दक्षिणेतील राज्यांनी आगगाडीचे डबे, उपाहारगृहे, शाळा, पाणी पिण्याचे नळ, एवढेच नव्हे तर स्मशानेसुद्धा गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी अशी करून टाकली. 1896 साली सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब केले. सोयी वेगळ्या असल्या तरी समान असतील तर त्यात अन्याय नाही, असे ते म्हणणे होते. प्रत्यक्षात त्या वेगळ्या मात्र कटाक्षाने ठेवल्या गेल्या आणि समान कधीच झाल्या नाहीत.

17 मे 1954 रोजी त्याच न्यायालयाने एकमताने हा निवाडा शाळांपुरता मोडीत काढला. मुलांना वर्णावरून वेगळे बसवणे हीच मुळात विषमता आहे, असे न्यायाधीशांनी सांगितले. पण हे केव्हा अमलात आणावयाचे? पुढच्या वर्षी, 31 मे 1955 रोजी, याचे उत्तर देताना न्यायालयाने मोठी सावध भाषा वापरली. बेताबेताने पण त्वरेने करा, अशा अर्थाची ती आज्ञा होती. ज्यांना करावयाचे नव्हते त्यांनी त्यातला ‘बेताबेताने’ तेवढा उचलला आणि ‘त्वरेने’ सोडून दिला. पुढच्या साऱ्या भांडणाचे मूळ या दोन शब्दांत आहे. सर्वोच्च न्यायालयच मवाळपणे बोलले, तेव्हा त्या मवाळपणाचा लाभ जहालांनी घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

लिटल रॉकच्या शाळा मंडळाने मात्र 1954 च्या निकालानंतर आठवडा जाण्यापूर्वीच, आम्ही कायदा पाळू, असे जाहीर केले. शाळांचे अधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम यांनी योजना आखली. तिच्यात पुढे पुढे इतकी काटछाट होत गेली, की शेवटी सप्टेंबर 1957 मध्ये एकाच शाळेत, सेंट्रल हायस्कूलमध्ये, मूठभर कृष्णवर्णीय मुले घ्यावयाची आणि बाकीचे पुढे पाहावयाचे, एवढाच तिचा सांगाडा उरला. प्रवेश मिळालेल्या या मुलांनी खेळांच्या संघात, गायनाच्या मंडळात किंवा शाळेच्या समारंभांत भाग घ्यावयाचा नाही, अशीही अट होती. शेवटी उरली ती फक्त नऊ मुले. सहा मुली आणि तीन मुलगे.

या योजनेत आणखी एक मेख होती. त्याच वर्षी शहराच्या पश्चिमेस, सुखवस्तू गोऱ्यांच्या वस्तीत, हॉल हायस्कूल ही नवी शाळा उघडली. ती पूर्णपणे गोऱ्यांसाठी ठेवली गेली. म्हणजे सुधारणेचा उपदेश करणाऱ्या वकील, डॉक्टर, व्यापाऱ्यांची मुले त्या सुधारणेपासून दूर राहिली आणि तिचा भार कामगार वर्गातील गोऱ्यांवर पडला. या वर्गाचा संताप वर्णद्वेषातून आला होता हे खरेच. पण ‘तुमचे औदार्य आमच्या खर्चाने’ ही त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. मवाळांनी हे वेळीच ओळखले असते तर बरे झाले असते.

डोंगरातला गव्हर्नर

आता या नाटकातील मुख्य पात्राकडे वळू. ऑर्व्हल यूजीन फॉबस यांचा जन्म 1910 साली ओझार्क डोंगरातील एका दरिद्री खेड्यात झाला. त्यांचे वडील सॅम फॉबस हे समाजवादी होते. मुलाचे मधले नाव त्यांनी यूजीन डेब्ज या अमेरिकन समाजवादी पुढाऱ्यावरून ठेवले होते. अशा घरात वाढलेला हा माणूस जन्मजात वर्णद्वेष्टा नव्हता. 1955 साली गव्हर्नर झाल्यावर त्यांनी आपल्या पक्षाच्या राज्य समितीवर कृष्णवर्णीय सभासद नेमले. पण 1956 च्या निवडणुकीत जिम जॉन्सन नावाच्या कडव्या वर्णभेदवाद्याने त्यांच्याशी सामना दिला, तेव्हा वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे त्यांनी हेरले. तिसऱ्यांदा निवडून येणे आर्कान्साच्या गव्हर्नराला कठीण समजले जाई. फॉबस यांना तर तिसऱ्यांदा उभे राहावयाचे होते.

ऑगस्ट 1957 मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन लिटल रॉकमध्ये येऊन, आम्ही आमच्या राज्यात हे कदापि होऊ देणार नाही, अशा थाटाचे भाषण ठोकून गेले. मग इथले लोक विचारू लागले, जॉर्जियाचा गव्हर्नर जे करू शकतो ते आमचा का करू शकत नाही? शाळा उघडण्यास आता थोडेच दिवस उरले होते.

याच वेळी एक नागरिक फॉबस यांच्याकडे गेला. विन्थ्रॉप रॉकफेलर हे त्याचे नाव. तेलाच्या व्यापारावर कुबेर झालेल्या जॉन रॉकफेलर यांचा हा नातू 1953 साली न्यूयॉर्क सोडून आर्कान्सात शेती करावयास आला होता, आणि राज्यात कारखाने आणण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद फॉबस यांनीच त्याला दिले होते. आपण राज्याचे सैन्य बोलावणार आहात अशी कुणकुण आहे, कृपा करून तसे करू नका, राज्याच्या नावाला बट्टा लागेल, असे त्याने परोपरीने विनविले. रॉकफेलर यांनी पुढे सांगितलेल्या हकीकतीप्रमाणे गव्हर्नरसाहेबांचे उत्तर सरळ होते: मला तिसऱ्यांदा निवडणूक लढवायची आहे, हे केले नाही तर जिम जॉन्सन आणि त्याचे सोबती माझ्या चिंधड्या उडवतील.

या उत्तरातला प्रामाणिकपणा पाहून आम्ही थक्क होतो. इथे तत्त्वाचा वाद नव्हताच. विनवणाऱ्याने न्याय सांगितला नाही, राज्याची अब्रू सांगितली; नकार देणाऱ्याने धर्म सांगितला नाही, मतपेटी सांगितली. सौम्यपणाने वागल्यास मते जातात असा हिशेब ज्या पुढाऱ्याच्या मनात पक्का बसला आहे, त्याच्यापुढे सद्भावनेचे शब्द कमी पडतात, हा या भेटीचा पहिला धडा होय.

शाळेच्या दारात

2 सप्टेंबर 1957 च्या रात्री फॉबस यांनी राज्याचे रक्षक दल सेंट्रल हायस्कूलभोवती उभे केले. शहरात दंगल होईल, रक्त सांडेल, म्हणून शांततेसाठी हे करावे लागत आहे, असे त्यांनी दूरचित्रवाणीवरून सांगितले. वस्तुतः शहराचे महापौर वुड्रो मान यांच्या मते अशी काही भीती नव्हती. पण राज्याचा प्रमुखच दंगल होणार म्हणून सांगू लागला, की ती करावयास लोक जमतातच.

4 सप्टेंबरच्या सकाळी नऊ मुलांनी एकत्र जमून शाळेत जावे, असे डेझी बेट्स यांनी आदल्या रात्री दूरध्वनीवरून सर्वांना कळविले. बेट्सबाई ह्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या राज्य शाखेच्या अध्यक्षा होत्या आणि पतीबरोबर एक साप्ताहिक चालवीत. पण एलिझाबेथ एकफर्ड या 15 वर्षांच्या मुलीच्या घरी दूरध्वनीच नव्हता. ती एकटीच बसमधून उतरली. सैनिकांनी तिला अडवले. मागे शिव्या घालणारा जमाव आणि पुढे संगिनी, अशा अवस्थेत ती मुलगी ताठ मानेने बसथांब्यापर्यंत चालत गेली आणि बाकावर बसून राहिली. न्यूयॉर्क टाइम्सचे वार्ताहर बेंजामिन फाइन तिच्याशेजारी जाऊन बसले. ग्रेस लॉर्च नावाच्या एका गोऱ्या बाईने तिला धीर दिला आणि बसमध्ये बसवून दिले. त्या सकाळची छायाचित्रे जगभर छापली गेली.

यानंतर तीन आठवडे विनवण्यांचा नुसता सुकाळ झाला. काँग्रेसमध्ये लिटल रॉकचे प्रतिनिधी असलेले ब्रूक्स हेज यांनी पुढाकार घेऊन 14 सप्टेंबरला फॉबस आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची न्यूपोर्ट येथे भेट घडवून आणली. हेज हे धर्मशील गृहस्थ. त्याच वर्षी ते दक्षिणेतील बॅप्टिस्ट पंथीयांच्या महासभेचे अध्यक्ष निवडले गेले होते. दोन्ही पक्षांना एकत्र बसवले तर मार्ग निघेल, यावर त्यांचा नितांत विश्वास होता. ‘आर्कान्सा गॅझेट’ या जुन्या दैनिकाचे संपादक हॅरी अ‍ॅशमोर रोज लिहीत होते, की प्रश्न वर्णमिश्रणाचा राहिलेला नाही. देशाचा कायदा चालणार की जमावाची इच्छा, एवढाच तो आहे. भेटीत फॉबस गोड बोलले, परतल्यावर मात्र त्यांनी सैन्य जागचे हलवले नाही. 20 सप्टेंबरला संघराज्याच्या न्यायाधीशाने आज्ञा दिली तेव्हा त्यांनी ते काढून घेतले, आणि शाळेचे दार जमावाच्या हाती सोपवले.

सोमवारी, 23 तारखेला, ती नऊ मुले बाजूच्या दाराने आत गेली. बाहेर हजारभर लोक जमले. कृष्णवर्णीय वार्ताहरांना मारहाण झाली. दुपार होण्यापूर्वी पोलिसांना मुलांना गुपचूप बाहेर काढावे लागले. दुसऱ्या दिवशी महापौर मान यांनी राष्ट्राध्यक्षांना तार करून सैन्य मागितले. ज्या आयझेनहॉवर यांनी जुलै महिन्यात, असल्या कामासाठी संघराज्याचे सैन्य पाठवण्याची वेळ येईल अशी कल्पनाही मला करवत नाही, असे म्हटले होते, त्यांनीच 101 व्या हवाई तुकडीचे हजारावर सैनिक रवाना केले. 25 सप्टेंबरला ती मुले संगिनींच्या पहाऱ्यात मुख्य दाराने शाळेत गेली.

तेव्हा सबुरीच्या उपदेशाने दार उघडले नाही, हे मान्य करावे लागेल. ते न्यायालयाच्या आज्ञेने आणि सैनिकांच्या पहाऱ्याने उघडले. आणि त्याही आधी, दारापर्यंत चालत जाण्याचे धैर्य नऊ मुलांना होते म्हणून उघडले. पुढे वर्षभर त्यांनी धक्के, थुंकी, शिव्या सहन केल्या. मिनिजीन ब्राउन या मुलीने उपाहारगृहात त्रास देणाऱ्या मुलांवर आपली थाळी उलटली. पुढे आणखी कुरबुरी झाल्यावर फेब्रुवारी 1958 मध्ये तिलाच शाळेतून काढले गेले. मे 1958 मध्ये अर्नेस्ट ग्रीन हा या शाळेतून उत्तीर्ण होणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. त्या समारंभाला मार्टिन ल्यूथर किंग येऊन बसले होते.

पुरुष गप्प बसले तेव्हा

फॉबस यांचा हिशेब चुकला नव्हता. 1958 च्या उन्हाळ्यात पक्षांतर्गत निवडणुकीत राज्याच्या 75 च्या 75 परगण्यांत त्यांनी बहुमत मिळविले. 12 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने शाळांना मुदतवाढ नाकारताच त्यांनी शहरातील चारही हायस्कुले बंद करून टाकली. 27 सप्टेंबरच्या मतदानात 19,470 नागरिकांनी एकीकरणाविरुद्ध आणि 7,561 नागरिकांनी बाजूने कौल दिला. सुमारे 3,700 मुलांचे वर्ष वाया गेले. शिक्षक कराराने बांधलेले असल्यामुळे रोज रिकाम्या वर्गात येऊन बसत. आणि शाळा बंद असताना फुटबॉलचे सामने मात्र चालू राहिले. बहुतेक गोऱ्या मुलांची कुठे ना कुठे, खासगी शाळेत वा परगावी, सोय लागली. कृष्णवर्णीय मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्या वर्षी कसलेच शिक्षण मिळाले नाही.

नोव्हेंबरमध्ये ब्रूक्स हेज यांना मवाळपणाची किंमत मोजावी लागली. मतदानाला जेमतेम आठ दिवस उरले असताना डेल अल्फर्ड नावाच्या वर्णभेदवादी डॉक्टराने उमेदवारी जाहीर केली. मतपत्रिकेवर त्याचे नावदेखील छापलेले नव्हते, तरी सुमारे सव्वा हजार मतांनी हेज पडले. इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. 1954 च्या निकालाचा निषेध करणाऱ्या दक्षिणेतील प्रतिनिधींच्या 1956 च्या जाहीरनाम्यावर याच हेज यांनी सही केली होती. जहालांना खूश करण्यासाठी सही केली आणि शेवटी जहालांनीच घालवले. ‘आर्कान्सा गॅझेट’वरही बहिष्कार पडला, त्याचा खप घसरला. 1958 साली पत्राला आणि संपादकाला मिळून दोन पुलित्झर पारितोषिके लाभली, हे त्यातल्या त्यात समाधान.

व्यापारी, वकील, धर्मगुरू यांपैकी बहुतेक या काळात गप्प होते. खासगीत ते हळहळत. जाहीरपणे बोलले तर गिऱ्हाईक जाईल, अशील जाईल, दान देणारा भाविक जाईल, अशी धास्ती होती. तेव्हा अ‍ॅडॉल्फीन फ्लेचर टेरी ही 75 वर्षांची वृद्धा पुढे आली. तिचे वडील यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात लढले होते आणि नंतर शहराचे महापौर झाले होते. पती एके काळी काँग्रेसचे सभासद होते. वाचनालये, शाळांची सुधारणा, बालगुन्हेगारांची न्यायालये अशा कामांत तिने आयुष्य घालवले होते. पुरुषांच्याने काही होत नाही, आता बायकांनीच उठले पाहिजे, असे ठरवून 16 सप्टेंबर 1958 रोजी तिने आपल्या घरी बैठक बोलावली. 58 बायका आल्या. विव्हियन ब्रूअर आणि व्हेल्मा पॉवेल या दोघी तिच्या मुख्य सहकारी होत्या. शाळा उघडण्यासाठी महिलांची तातडीची समिती, असे नाव घेऊन संघटना उभी राहिली. तिची सभासदसंख्या हजाराच्या वर गेली.

या बायकांची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. त्यांनी मतदारयाद्या मिळवल्या, एकेका मतदाराची नोंद करून पत्ते केले, दूरध्वनीची साखळी बांधली, पत्रके काढली, आमदारांना गाठले. आम्ही एकीकरणाच्या बाजूच्या नाही आणि विरुद्धही नाही, आम्हाला शाळा उघडावयाच्या आहेत, असे त्यांनी जाहीर केले. समितीत फक्त गोऱ्या बायकांना घेतले जाई. कृष्णवर्णीय बायकांना घेतले तर गोरे मतदार ऐकणार नाहीत, हे कारण. सभासदांची यादी गुप्त ठेवली जाई, कारण नाव फुटले तर नवऱ्याची नोकरी जाण्याचा संभव होता.

5 मे 1959 रोजी शाळा मंडळातील तीन वर्णभेदवादी सभासदांनी, बाकीचे तिघे उठून गेले असताना, 44 शिक्षक आणि कर्मचारी यांना एका बैठकीत बडतर्फ केले. त्यांत सेंट्रलचे मुख्याध्यापक होते. आता मात्र शहर खडबडून जागे झाले. काळ्या मुलांचा प्रश्न असता तर कदाचित झाले नसते. पण पिढ्यान् पिढ्या मुलांना शिकवणाऱ्या आपल्याच शिक्षकांना घालवलेले लोकांना रुचले नाही. व्यापारीही जागे झाले, कारण 1957 पासून शहरात नवे मोठे कारखाने यावयाचे थांबले होते. पुरुषांनी समिती काढली, बायकांचे पत्ते आणि साखळी तयारच होती. 25 मे रोजी झालेल्या मतदानात ते तिन्ही सभासद थोड्या मतांनी का होईना परत बोलावले गेले. पुढच्या महिन्यात न्यायालयाने शाळा बंद करण्याचे कायदे रद्द ठरविले आणि 12 ऑगस्ट 1959 रोजी शाळा उघडल्या. त्या दिवशी चाल करून आलेल्या जमावाला शहराच्याच पोलिसांनी अग्निशामक दलाच्या पाण्याच्या माऱ्याने पांगवले. यावेळी संगिनींची गरज पडली नाही.

सबुरी कोणी कोणाला सांगावी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या मवाळांनी काय मिळवले? त्यांनी गव्हर्नराचे मन पालटले नाही. फॉबस 1967 च्या जानेवारीपर्यंत सत्तेवर राहिले. पण त्यांनी त्याच्या पायाखालची जमीन एका शहरापुरती काढून घेतली. रॉकफेलर यांची विनवणी वाया गेली, कारण तिच्यामागे एकही मत उभे नव्हते. टेरीबाईंचा अर्ज चालला, कारण त्याच्यामागे पत्त्यांच्या पेट्या होत्या. राजकारणी माणसाला नेमस्तपणा शिकवावयाचा असेल, तर नेमस्तांची मोजणी करून त्याच्या टेबलावर ठेवावी लागते. रॉकफेलर यांनाही पुढे हे उमगले असावे. फॉबस यांच्यानंतर 1967 साली गव्हर्नर झाले ते हेच रॉकफेलर, आणि एप्रिल 1968 मध्ये किंग यांची हत्या झाल्यावर राज्याच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर कृष्णवर्णीय नागरिकांचे हात धरून ते शोकसभेत उभे राहिले.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही श्रोत्यांची फसवणूक केली असे होईल. 1959 साली शाळा उघडल्या त्या मोजक्याच कृष्णवर्णीय मुलांसाठी. बाकीच्यांना चाळण्या लावून बाहेर ठेवण्याची नवी युक्ती निघाली, आणि मवाळांनी ती चालवून घेतली. खरे एकीकरण व्हावयास 1970 नंतरचा काळ उजाडला. डेझी बेट्स यांच्या घरावर दगड पडले, आणि जाहिराती बंद पडल्यामुळे 1959 साली त्यांचे साप्ताहिक बुडाले. त्यांच्यासाठी कोणी मतदारांची साखळी बांधली नाही.

सबुरीचा उपदेश दोन्हीकडे सारखाच वाटला गेला, यात खरी खोच आहे. मे 1958 मध्ये आयझेनहॉवर यांनी वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीय पुढाऱ्यांच्या सभेत धीर धरण्याचा सल्ला दिला. तिथे हजर असलेले प्रसिद्ध बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना पत्र लिहिले. आम्ही सर्वांत सोशिक लोक आहोत, आणखी किती काळ थांबावयाचे, असा त्याचा आशय होता. आपल्या सबुरीच्या शब्दांनी फॉबस यांच्यासारख्यांचेच फावते, हेही त्यांनी स्पष्ट बजावले. पाच वर्षांनी अलाबामात हेच पुन्हा घडले. जानेवारी 1963 मध्ये तिथल्या गोऱ्या धर्मगुरूंनी कायदा पाळण्याचे आवाहन केले, तेव्हा ते जहाल गोऱ्यांना उद्देशून होते. एप्रिलमध्ये त्यांतल्याच अनेकांनी बर्मिंगहॅम येथील कृष्णवर्णीयांच्या निदर्शनांना अवेळी ठरवले. त्याला किंग यांनी तुरुंगातून दिलेले उत्तर जगप्रसिद्ध आहे. न्यायापेक्षा शांतता ज्याला अधिक प्रिय, असा गोरा मवाळ हाच आमच्या मार्गातला मोठा अडथळा, असे त्यांनी त्यात सांगितले.

मग या दोहोंचा मेळ कसा घालावा? आम्हास असे वाटते, की नेमस्तपणा ही वृत्ती म्हणून चांगली. पण तो कोणाला सांगितला जातो यावर त्याचा कस लागतो. ज्याच्या हाती सैन्य, पोलीस आणि शाळेच्या किल्ल्या आहेत, त्याला ‘हात आवरा’ म्हणणे यात धैर्य लागते. ज्याला दाराबाहेर उभे केले आहे, त्याला तेच शब्द सांगावयास काहीच लागत नाही. फॉबस यांना सबुरी सांगणारा आणि एलिझाबेथला सबुरी सांगणारा, हे दोघे एकच वाक्य बोलत असले तरी एकच काम करीत नाहीत. लिटल रॉकच्या मवाळांची पुण्याई पहिल्या कामात आहे. त्यांची उणीव ही, की ते दुसरेही काम करीत राहिले.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना, आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा या आशेने. 1946 साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे द्यावयाच्या त्यांच्या अर्जाची प्रत मागविली, आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले. अर्जाची प्रत मागवणारे आंबेडकर मवाळ म्हणावेत की जहाल? अर्ज कोण लिहितो, कोणाच्या वतीने लिहितो आणि तो फेटाळला गेल्यावर काय करतो, हे पाहिल्याशिवाय या शब्दांना अर्थ नाही.

टेरीबाई 1976 पर्यंत जगल्या. ज्या सभासदांची नावे नवऱ्यांच्या नोकऱ्यांपायी लपवून ठेवावी लागली होती, ती अनेक वर्षांनंतर त्यांच्या त्या जुन्या घराच्या खिडक्यांच्या काचांवर कोरली गेली. आणि सॅम फॉबस या म्हाताऱ्याचेही नाव इथे घेतले पाहिजे. डोंगरात राहणारा हा समाजवादी बाप ‘जिमी हिगिन्स’ या टोपणनावाने ‘आर्कान्सा गॅझेट’ला पत्रे धाडून गव्हर्नराच्या धोरणावर टीका करीत असे. ती पत्रे कोणाची, हे लोकांना पुढे कळले. मुलाने ऐकले नाही. पण बापाने लिहावयाचे सोडले नाही.